मातीच्या कुत्र्याचा एक्स-रे

कुत्र्याची शेपटी मशीनच्या दारात अडकत होती. सरळ ठेवला तर शेपटी बाहेर, आडवा ठेवला तर नाक काचेला. शेवटी मी त्याला तिरका केला, खाली पॅकिंगचा फोम लावला आणि दार बंद केलं. शनिवारची दुपार होती. लॅबमध्ये आम्ही तिघीच होतो. मी, माझी टेक्निशियन लूपे आणि वकीलबाई डॅना. ज्याला वकील परवडत नाही त्याला इथं कोर्टच वकील देतं, पब्लिक डिफेंडर म्हणतात, डॅना ती होती.

"याला काही होणार नाही ना?" डॅनाने विचारलं. "हा पुरावा आहे. मी सही करून आणलाय."

"काही होत नाही," मी म्हणाले. "एक्स-रे ही नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्ट आहे. वस्तूला धक्कासुद्धा लागत नाही."

काय तो माझा ठसका! आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मी मूळची नागपूरची. नव्वदच्या दशकात अ‍ॅरिझोनात चँडलरला एका चिप बनवणाऱ्या कंपनीत फेल्युअर अ‍ॅनालिसिस करत होते. साध्या भाषेत सांगायचं तर मेलेल्या चिप्सचं पोस्टमॉर्टेम. कस्टमर बंद पडलेली चिप परत पाठवतो, ती का मेली ते आम्ही शोधायचं. या कामाचा पहिला नियम असा, की ज्या टेस्टने वस्तू खराब होत नाही ती आधी करायची. आधी डोळ्यांनी बघा, मग एक्स-रे काढा, आणि कापाकापी अगदी शेवटी, कारण एकदा कापलेलं परत जुळत नाही. नवीन मुलं आली की मी हा नियम त्यांच्याकडून पाठ करून घ्यायचे.

कुत्रा लूपेच्या वडिलांचा. त्यांचं नाव रोहेलिओ. मेक्सिकोच्या पश्चिमेला कोलिमा नावाचा भाग आहे, तिथल्या एका खेड्यातले. पंचवीस वर्षं फिनिक्समध्ये लोकांच्या बागा राखल्या, ग्रीन कार्ड होतं, कधी साधं ट्रॅफिकचं तिकीट नाही. गावाहून परत येताना बॉर्डरवर त्यांची गाडी तपासली. मागे घोंगडीत गुंडाळलेले दोन मातीचे कुत्रे निघाले. लाल, गुबगुबीत, आतून पोकळ, अंगावर जमिनीत राहिल्याचे काळे डाग. बघायला आणलेला तज्ज्ञ म्हणाला, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यातले दिसतात. म्हणजे प्राचीन वस्तूंची चोरटी आयात. आणि भरीला भर म्हणजे गाडीतला कॅमेरा. त्यातला रोल धुतला तर एका फोटोत रोहेलिओ फावडं घेऊन उभे, आणि समोरच्या खड्ड्यातून कुत्र्याचं डोकं वर आलेलं.

"मी बनवलेत," एवढंच ते सांगत होते. "माझ्या हातांनी."

कोण ऐकणार?

जामिनावर सुटून आले तेव्हा डॅनाच्या ऑफिसात मी त्यांना भेटले. लूपेनेच गळ घातली होती. "तुम्ही एकदा बघा ना, प्लीज. तुम्हाला आतलं दिसतं." साठीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, नखांत माती. मी खुर्चीवर बसेपर्यंत ते बसले नाहीत. इंग्रजी मोडकं होतं, अडेल तिथं लूपे सांगत होती.

"कुत्रा कशासाठी बनवला?" मी विचारलं.

"बायकोसाठी."

बायको तीन वर्षांपूर्वी फिनिक्समध्ये गेली, तिथंच पुरली. त्यांच्याकडचा फार जुना समज असा, की मेलेल्या माणसाच्या वाटेत एक मोठी नदी लागते. ती एकट्याने पार होत नाही, कुत्रा पाठीवर घेऊन नेतो. पण कुठलाही कुत्रा नाही. पांढरा म्हणतो, मी आत्ताच अंग धुतलंय. काळा म्हणतो, मी आत्ताच नदीतून आलोय. फक्त लाल कुत्रा काही न बोलता पाण्यात उतरतो. त्यांच्या वडिलांनी आजीसाठी असा कुत्रा बनवला होता, तसा यांनी बायकोसाठी बनवला.

"मग पुरला कशाला?"

"बाबांची पद्धत. भाजल्यावर दोन पावसाळे जमिनीत ठेवायचा. त्याला जमिनीखालची सवय व्हायला पाहिजे. नाहीतर तोच घाबरेल, तिला काय नेणार?"

"आणि दोन कशाला?"

माझ्या प्रश्नाचं त्यांना हसू आलं. "भट्टीत एखादा फुटतोच. या वेळी दोन्ही वाचले."

मग डॅनाकडे वळून म्हणाले, "माती आणून द्या. इथं, या टेबलावर, तुमच्यासमोर बनवतो." डॅनाने मान हलवली. तुम्ही नक्कल करू शकता एवढंच त्यातून सिद्ध होईल, म्हणाली, हे दोन तुमचे आहेत हे नाही. वकिली हिशोबाने तिचं बरोबर होतं. मीही मान डोलावली. मला त्यांचे हात नको होते, मला डेटा हवा होता.

त्या आठवड्यात लायब्ररीतून मी पुस्तकं आणली. बघते तर कोलिमाच्या त्या खोल थडग्यांत कुत्रेच कुत्रे! झोपलेले, भुंकणारे, तोंडात मक्याचं कणीस धरलेले. एकाच्या तोंडावर तर माणसाचा मुखवटा. केस नसलेली त्यांची एक जात आहे, त्या जातीचे. पुढच्या काळातल्या लोकांचा कुत्र्याच्या तोंडाचा एक देवच होता, शोलोत्ल. मावळलेल्या सूर्याला रात्रभर पाताळातून तो सोबत करतो. आपल्याकडे कुत्र्यासारखा मेला म्हणजे वाईट मेला. तिथं कुत्र्याशिवाय मेला तो वाईट मेला. मी बौद्ध, मेल्यानंतरच्या नदीवर माझा विश्वास नाही. पण माझ्या आजोबांच्या गावात तळ्यावर कुत्र्याने पाणी प्यायलेलं चालायचं, आजोबांनी नाही. माणसाच्या शब्दाला किंमत नसते तेव्हा काय होतं, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून मी या कामात पडले. वॉल्ट माझा बॉस, तो म्हणाला, "शनिवारी वापर मशीन. पण तुझ्या रिस्कवर, आणि मला काही माहीत नाही."

तर तो शनिवार. आमचं मशीन चिपमधला केसाएवढा तडा दाखवायचं. त्यासाठी वस्तू एक्स-रे सोडणाऱ्या ट्यूबच्या अगदी जवळ ठेवायची आणि बीम चालू ठेवून स्क्रीनवर बघत राहायचं. कुत्र्याचे पाय ट्यूबपासून बोटभर अंतरावर होते. पायाचे सांधे दिसले, पोटात बोटांनी दाबलेल्या मातीचे वळ दिसले. इतके स्पष्ट, की लूपे स्क्रीनला हात लावून म्हणाली, "हा बाबांचा अंगठा आहे." मी फिरव फिरव फिरवलं. आत एखादी तार, एखादा खिळा, नव्या काळातलं काहीही मिळावं म्हणून. दीड तास. काही मिळालं नाही. जुने लोकही असेच बनवायचे.

"आता?" डॅनाने विचारलं.

"आता डिस्ट्रक्टिव्ह," मी म्हणाले. नियमाप्रमाणे.

भाजलेल्या मातीचं वय काढायची एक टेस्ट असते. जमिनीत, हवेत सगळीकडे थोडं रेडिएशन असतं. मातीतले बारीक कण ते वर्षानुवर्षं साठवत राहतात. गळक्या नळाखाली रांजण ठेवल्यासारखं, थेंब थेंब. भट्टीत भाजलं की रांजण पूर्ण रिकामा होतो आणि पुन्हा भरायला लागतो. लॅबमध्ये मातीचा कण तापवला की साठलेलं सगळं प्रकाश होऊन बाहेर पडतं. प्रकाश जास्त तर भांडं जुनं. दुसऱ्या राज्यातल्या एका छोट्या लॅबने हे काम घेतलं. एक भोक पायाला, एक पोटाला, आणि चिमूटभर भुकटी.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. दोन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, पायाचा बराच मोठा होता. पण निष्कर्ष एकच. शेवटचं भाजून बरीच शतकं लोटली.

मी तो रिपोर्ट दोनदा वाचला. वाईट वाटलं. आणि खरं सांगते, रागही आला, रोहेलिओंचा. इतक्या साध्या चेहऱ्याने मला बनवलं की काय यांनी! दोन आकडे का जुळत नाहीत, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलासुद्धा नाही. चिपचा असा रिपोर्ट आला असता तर मी त्या लॅबचं डोकं खाल्लं असतं.

डॅनाने त्यांना पुढचं समजावलं. केस लढलात आणि हरलात तर काही वर्षं तुरुंग. गुन्हा कबूल केलात तर काही महिने, मग मेक्सिकोला रवानगी आणि ग्रीन कार्ड जाणार. ते नाहीच म्हणत राहिले. शेवटी लूपे त्यांच्यासमोर बसली. मी तिथं होते, तिनेच सोबत नेलं होतं.

"बाबा, मशीन खोटं कशाला बोलेल?"

ते तिच्याकडे बघत राहिले. वाद घातला नाही. डॅनाला म्हणाले, "कुठं सही करू?"

मला वाटलं होतं सहीवर काम भागेल. पण गुन्हा कबूल करायचा तर जजसमोर तोंडाने बोलावं लागतं. जजने दुभाष्याकडून विचारलं, हे कुत्रे तुम्ही बनवले का? रोहेलिओ गप्प. जजने पुन्हा विचारलं. मग ते हळूच म्हणाले, "नाही." पुढच्या बाकावरून लूपेच्या रडण्याचा आवाज आला. तिला वाटत होतं बाबा शेवटी खरं बोलले.

उन्हाळ्याअखेर त्यांना बॉर्डरपलीकडे सोडून दिलं.

पुढे चार-पाच महिन्यांनी टेक्ससमधल्या एका कस्टमरचा फोन आला. प्रचंड चिडलेला. तुमच्याकडून तपासून आलेल्या मेमरी चिप्समधला डेटा उडतोय! मेमरी चिप म्हणजे विजेच्या बारीक बारीक थेंबांचा साठा. त्यावर जोरदार एक्स-रे पडला तर थेंब सांडू शकतात. इतका जोर आपल्या मशीनमध्ये नाही, असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. मोजलं कुणीच नव्हतं. मी रेडिएशन मोजायच्या पट्ट्या आणून मशीनमध्ये ठेवल्या, काही ट्यूबजवळ, काही लांब. रीडिंग बघून वॉल्टने शिट्टी मारली.

"अरे देवा. जवळच्या पट्टीने तर कहर केलाय. लांबची ठीक आहे."

जवळची जास्त, लांबची कमी. मी स्टूलवर बसले. कुत्र्याच्या पायाचा आकडा मोठा होता, पोटाचा लहान.

"काय गं, बरी आहेस ना?"

"वॉल्ट, कुत्रा."

मातीचं वय काढणाऱ्या त्या लॅबला मी तिथूनच फोन लावला. तिथल्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने नाव-गाव विचारून घेतलं, मग म्हणाला, "त्या कुत्र्याचा आधी कुणी एक्स-रे काढला होता का? फॉर्मवर तो प्रश्न होता, कोरा सोडलाय." फॉर्म डॅनाने भरला होता. तिला त्या रकान्याचा अर्थ कळला नव्हता, आणि मी तो फॉर्म बघायला मागितला नव्हता.

"मी काढला."

"साध्या दवाखान्यातल्या मशीनवर?"

"नाही. चिपच्या. पाय ट्यूबला लागून. दीड तास."

 मग तो म्हणाला, "बाई, दीड तासात तू त्याला म्हातारा करून ठेवलास. आधी मला विचारायचं ना गं."

थेंब थेंब भरणाऱ्या रांजणात मी पाइप लावला होता. ज्या टेस्टने काही होत नाही म्हणून ती आधी केली, तिनेच दुसऱ्या टेस्टची माती केली. नियम बरोबर पाळला म्हणून माणूस देशाबाहेर गेला.

लूपेला मी कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं आणि सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. तिने हातमोजे काढले, टेबलावर ठेवले, परत उचलले.

"म्हणजे बाबा खरं बोलत होते."

"हो."

"आणि मी त्यांना..."

 मी खांद्याला हात लावायला गेले तर मागे सरकली. चूक तिची नव्हती. माझा हात कोण लावून घेईल?

रोहेलिओंच्या गावात एकाच दुकानात फोन होता. तिने तिथं निरोप ठेवून वडिलांना बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते तिने मला फार नंतर सांगितलं. तिने मशीनची चूक समजावली, मग माफी मागितली. ते म्हणाले, "मशीनची चूक झाली असेल पोरी. मशीनने मला कुठं पाहिलं होतं? तू तर पाहिलं होतंस." त्यानंतर ते फोनवर आले नाहीत. दुकानदार सांगायचा, भट्टीवर आहेत, कामात आहेत.

इकडे मी कोर्टासाठी लिहून द्यायला बसले, तर वॉल्टने दार लावून घेतलं.

"कंपनीचं मशीन, तुझं खासगी काम, आणि आता तू कोर्टाला सांगणार की या मशीनने पुरावा बिघडवला? टेक्ससवाले काय म्हणतील? लीगल डिपार्टमेंट नाही म्हणतंय."

"मग मी शनिवारी घरी बसून लिहीन."

"जया, नोकरी जाऊ शकते."

"त्या माणसाचा देश गेला, वॉल्ट. घर गेलं, बायकोची कबर इकडे राहिली. आणि मी नोकरी सांभाळत बसू?"

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला, मग म्हणाला, "लिहून टाक यार. घरचं बघू आपण." एवढंच. त्या एका वाक्यासाठी मी त्याचे शंभर अपराध पोटात घातलेत.

नोकरी गेली नाही. लेखी वॉर्निंग मिळाली, ठरलेलं प्रमोशन राहिलं. ते सोडा. दुसरा कुत्रा सरकारी गोदामात तसाच पडून होता, त्याला कधी एक्स-रे लागला नव्हता. डॅनाने अर्ज केला, त्याची टेस्ट करा. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, मग तारखा पडत राहिल्या. अखेर त्याच म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने भुकटी काढली, तापवली. प्रकाश जवळजवळ नाहीच. रांजण रिकामा. काही वर्षांपूर्वीच भाजलेला. कोर्टाने कबुली रद्द केली, शिक्षा रद्द केली. डॅनाने फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी हुंदके देऊन रडले, लॅबमध्ये, सगळ्यांदेखत.

पण कोर्टाने शिक्षा रद्द केली म्हणून ग्रीन कार्ड आपोआप परत येत नाही. त्याची वेगळी फाइल, वेगळं ऑफिस, वेगळी रांग. त्या रांगेत असतानाच रोहेलिओ गेले. साखरेचा आजार होता, पायाची जखम चिघळली. लूपे पोचली तेव्हा पुरून झालं होतं. निर्दोष असल्याचा कागद त्यांना टपालाने पाठवला होता. दुकानदाराने तो तिला दिला, पाकीट फोडलेलं नव्हतं.

यातून मी काय शिकले ते सांगते, फार मोठं नाही. नॉन-डिस्ट्रक्टिव्ह हा शब्द मी रिपोर्टमध्ये लिहायचं सोडलं. 'आम्हाला नुकसान दिसलं नाही' असं लिहिते. आमच्या हाताखालून वस्तू पुढे कुणाकडे जाणार, हे विचारल्याशिवाय मशीन चालू करत नाही. हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, आणि ते कळायला माणूस खर्ची पडायला नको होता.

दोन्ही कुत्रे पुठ्ठ्याच्या खोक्यातून लूपेकडे परत आले. एक्स-रे काढलेला तिने आईच्या कबरीपाशी ठेवला, तो तिच्यासाठीच होता म्हणाली. दुसरा गावी वडिलांच्या कबरीपाशी न्यायचा होता. एक दिवस लंचमध्ये माझ्या टेबलापाशी आली. त्या सगळ्यानंतर ती स्वतःहून माझ्याशी बोलली ती तेव्हा पहिल्यांदा.

"बॉर्डरवर दाखवायला एक पत्र द्या. लॅबच्या भाषेत."

मी लगेच टाइप केलं. ही वस्तू प्राचीन नाही, अलीकडच्या काळात भाजलेली आहे, टेस्टचा संदर्भ, माझं नाव. तिने वाचलं.

"जुना नाही एवढंच आहे यात. कुणी बनवला ते नाही."

"ते कुठलीच टेस्ट सांगत नाही, लूपे."

ती कागद हातात धरून तशीच उभी राहिली. बरोबर होतं माझं. वय सांगता येतं, हात सांगता येत नाही. मी कागद तिच्याकडून मागून घेतला आणि टाइप केलेल्या मजकुराखाली पेनने तिच्या वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे लिहिलं, हा कुत्रा यांनी स्वतःच्या हातांनी बनवला आहे. त्याखाली सही केली.

डेटा नसताना मी सही केलेला तो एकच रिपोर्ट. त्यातलं एक अक्षर मी आजही बदलणार नाही.